पाटलांच्या गर्दीत एक पाटील

महोदय,
खानापूर तालुक्यातल्या आमच्या वाचनालयाची सभासद-यादी मी संगणकावर सांभाळते. पाटील तर गल्लोगल्ली! आमच्या नव्या डेटाबेसमध्ये (नोंदी साठवणाऱ्या संगणक-प्रणालीत) एका वेळी एकाच रकान्याचा इंडेक्स, म्हणजे नोंद पटकन सापडावी म्हणून क्रमाने लावलेली सूची, होतो. आडनाव टाकले की सगळ्या गावांचे पाटील चाळत बसायचे. गाव, आडनाव, नाव असा एकत्रित इंडेक्स असेल तर नेमकी नोंद लगेच मिळते. क्रम मात्र विचारपूर्वक हवा. टेलिफोन डिरेक्टरीत नुसत्या नावावरून माणूस शोधणे जड जाते, तसेच इथेही. मायएसक्यूएल ही डेटाबेस-प्रणाली एका इंडेक्समध्ये १६ पर्यंत रकाने जोडू देते, पोस्टग्रेस ही दुसरी प्रणाली ३२. आम्हाला तीनच हवेत. डेटाबेस बनवणाऱ्यांनी ही सोय इंजिनातच, म्हणजे डेटाबेसच्या मूळ प्रोग्राममध्येच द्यावी, ही कळकळीची विनंती.

— एक ग्रंथपाल, खानापूर