डब्यावर नेमकं काय लिहावं?

महोदय,

धारूरचा आमचा महिला बचत गट सीताफळाचा गर काढून, गोठवून विकतो. प्रदर्शनात बघावं तर लोणचं, पापड, हळद, सगळ्यांवर 'शुद्ध, दर्जेदार, चविष्ट' हेच शब्द. गिऱ्हाईक थांबेल कशाला? सीताफळ पिकलं की दोन-तीन दिवसांत काळं पडतं आणि बिया काढता काढता जीव जातो. रबडी-आइस्क्रीमवाल्याची खरी अडचण ही आहे. म्हणून आम्ही डब्यावर एवढंच लिहिलं: 'बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ. बिया काढलेला गर. हंगाम संपल्यावरही रबडी करा.' आता विचारणारा थेट भाव विचारतो.

बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे त्या भागातल्या खास मालाची सरकारी ओळख, मिळालं. पण ते डब्यावर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, हे आमच्या भागातल्या कित्येक बायकांना कुणी सांगितलेलंच नाही. बचत गटांच्या प्रशिक्षणात मात्र लोगोच्या रंगावर अख्खा दिवस जातो! कळकळीची विनंती आहे, माल कुणासाठी आणि त्याचं कोणतं काम हलकं करतो, हे एका वाक्यात लिहायला गटांना बसवा. नोंदणीचे अर्जही तिथंच भरून घ्या. जालन्याची मोसंबी, मराठवाड्याचा केसर आंबा विकणाऱ्यांनाही याची तितकीच गरज आहे.

– बचत गटाची एक सदस्य, धारूर, जि. बीड