चांदीच्या विटा मोजल्या, खलाशी मोजायचे राहिले

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला, दुसऱ्या महायुद्धात चांदी घेऊन बुडालेल्या बोटीवरचा लेख वाचला. आवडला, पण आधी नावाचं बोलतो. तुम्ही सगळीकडे 'गैरसोप्पा' छापलंय, मी घाईत दोनदा गैरसोय वाचलं! अहो ते आपलं गिरसप्पा, जोगचा धबधबा आमच्या लहानपणी गिरसप्पाचाच होता, तेच नाव ब्रिटिश इंडिया कंपनीच्या या १९१९ च्या मालबोटीला होतं.

आता मुद्दा. चांदीच्या २,७९२ विटा, ४,७०० मीटर खोली, २०१२-१३ मध्ये त्या कशा वर काढल्या, सगळं आकड्यांसकट दिलंत आणि माणसांबद्दल काय, तर 'एक अधिकारी वाचला, बाकी सगळे बुडाले'. इतकं सरळ नाही झालं हो. कलकत्त्याहून चहा, बिडाचं लोखंड आणि चांदी घेऊन निघालेली बोट, खराब हवेत कोळसा कमी पडायला लागला म्हणून कॉन्व्हॉय, म्हणजे संरक्षणासाठी एकत्र जाणाऱ्या बोटींचा ताफा, सोडून आयर्लंडच्या गॉलवेकडे एकटीच निघाली आणि १६ फेब्रुवारी १९४१ च्या रात्री जर्मन पाणबुडी यू-१०१ ने टॉर्पेडो मारला. पण त्यानंतर एक लाइफबोट तेरा दिवस समुद्रात होती! तीसेक जण, त्यात बहुतेक हिंदी, म्हणजे आपले भारतीय, खलाशी. थंडीने, तहानेने एकेक करत गेले, आणि इंग्लंडचा लिझर्डचा किनारा समोर दिसत असताना लाटेने होडी उलटली. सेकंड ऑफिसर रिचर्ड आयर्स तेवढे वाचले.

माझे आजोबा बोटीवर आगवाले होते. बॉयलरच्या तोंडाशी कोळसा मारणारा माणूस, अंगात एक बनियन, तेही घामाने ओलं. तो तसाच फेब्रुवारीतल्या अटलांटिकमध्ये उघड्या होडीत बसला तर किती तास टिकेल? लेख वाचताना मला सारखं तेच डोळ्यापुढे येत होतं, चांदी नाही.

दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या जवळपास ६,००० हिंदी व्यापारी खलाशांच्या नावांची नोंदवही मुंबईतच आहे, मस्जिद बंदरच्या सेलर्स होममध्ये. लंडनला जायला नको, हार्बर लोकलचं तिकीट काढलं की झालं. एखाद्या वार्ताहराला पाठवा, आणि त्या वहीतले गिरसप्पाचे सारंग (खलाशांचे मुकादम), टंडेल (त्यांच्या हाताखालचे), आगवाले, भंडारी (स्वयंपाकी) नावानिशी छापा. जागा कमी पडली तर विटांचा फोटो जरा छोटा करा.

— एक जुना वाचक, दापोली