बर्न्सची पत्रं

प्रिय दिलीप,

इतके महिने पत्र नाही म्हणून शिव्या घातल्या असशील, त्या पावल्या. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. लिहायचं कारण वेगळंच आहे, डेस्कवरच्या पोरांना सांगून उपयोग नाही असं.

पहिल्या अफगाण युद्धावरचा एक लेख माझ्याकडे कापायला आलाय. त्यातला अलेक्झांडर बर्न्स, ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी, काही केल्या डोक्यातून जात नाही. 1837 मध्ये तो कंपनी सरकारचा वकील म्हणून काबूलला पोचला. काबूलचा अमीर दोस्त मोहम्मद, त्याच्याशी जमवून घ्या, माणूस कामाचा आहे, असं तो परोपरीने कळवत राहिला. गव्हर्नर जनरल ऑकलंडला मात्र गादीवर शाह शुजा, पूर्वी पदच्युत झालेला राजा, हवा होता. 1 ऑक्टोबर 1838 ला सिमल्याहून जाहीरनामा निघाला: शुजा लोकांचा लाडका, तो स्वतःच्या फौजेनिशी परतणार, आपण नुसते पाठीशी. अरे, इराणने हेरात शहराला घातलेल्या ज्या वेढ्याचा एवढा बागुलबुवा केला, तो सप्टेंबरातच उठला होता! तरी फौज निघालीच.

मग 1839 मध्ये पार्लमेंटपुढे कागद ठेवले. पत्रं बर्न्सचीच, पण दोस्त मोहम्मदाची बाजू मांडणारा मजकूर गाळलेला. वाचणाऱ्याला वाटावं, काबूलचा जाणकारच सरकारची री ओढतोय. प्रचार म्हणजे धडधडीत थाप, असं तू टेबलावर हात आपटून सांगायचास. (त्या वादात माझी प्रुफं फाडली होतीस, विसरलो नाहीये.) आता यातली थाप दाखव. उरलेलं वाक्य न् वाक्य त्याचंच आहे की!

थाप पकडता तरी येते. 1959 मध्ये केनियातल्या होला छावणीत 11 कैदी मारहाणीत मेले, सरकारने सांगितलं पाणी पिऊन मेले. शवविच्छेदनात बिंग फुटलं. गाळलेलं कोण पकडणार? पुरती पत्रं बाहेर यायला 1859 उजाडलं. बर्न्सला तर 1841 मध्येच काबूलच्या जमावाने मारलं होतं. पुढच्या जानेवारीत साडेचार हजार सैनिक आणि सुमारे 12 हजार बाजारबुणगे परत निघाले, त्यातले जेमतेम काही वाचले. 1861 मध्ये चौकशीची मागणी झाली, ती फेटाळली. पंतप्रधान कोण? पामर्स्टन. म्हणजे 1839 चा परराष्ट्रमंत्री! याला म्हणतात कारभार.

पण मला छळतोय तो कापणारा. कुणीतरी कारकून बसला असेल. पाल्हाळ नको, मुद्द्याचं तेवढं ठेवू, साहेबांना वेळ नाही. ही कारणं आपण रोज देतो रे. माझ्यापुढे 3 हजार शब्द आहेत, जागा 800 ची. संपादक म्हणतात, पत्रांचा भाग उडवा, लढाई ठेवा, लोक लढाईच वाचतात. आणि ते खरंही आहे. पत्रं ठेवायची तर हेरात जातं, मग वेढा आधीच उठला होता हे वाचकाला कळणारच नाही. हेरात ठेवलं तर पामर्स्टन जातो.

तू असतास तर काय उडवलं असतंस, ते उलट टपाली कळव. 'परिस्थिती पाहून' असलं गुळमुळीत लिहू नकोस. नवी नोकरी, धाकटीची परीक्षा, सगळं बरं असेलच. वहिनींना नमस्कार.

तुझा,
वसंता