कन्व्हर्टर बदलण्याआधी तो का गेला, ते शोधा

महोदय,

मोटारीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाच्या धुरातले विषारी वायू शुद्ध करणारा भाग, नवा बसवूनही वर्ष-दीड वर्षात पुन्हा निकामी होतो, ही तक्रार मी ओळखीच्या अनेक वाहनमालकांकडून ऐकली होती. आता ती आमच्याच घरी उद्भवली. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा विषय मी वर्षानुवर्षे शिकवला आहे आणि हे नुकसान बहुतांशी टाळता येण्यासारखे आहे अशी माझी खात्री असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

माझ्या मुलीची गाडी २०१८ची, पेट्रोलची. तिला नंतर सीएनजी किट बसवले आहे. चेक इंजिनचा दिवा लागला तेव्हा गॅरेजमध्ये स्कॅनर लावला गेला, पी०४२० हा बिघाडाचा कोड आला आणि दुसऱ्याच दिवशी कन्व्हर्टर बदलून मिळाला. चौदा महिन्यांनी पुन्हा तोच दिवा, तोच कोड आणि तोच सल्ला. या खेपेस गाडी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या गॅरेजमध्ये नेली आणि कारण सापडेपर्यंत नवा कन्व्हर्टर मागवायचा नाही, असे आम्ही ठरवले.

पी०४२० या कोडचा अर्थ ‘कन्व्हर्टर बदला’ असा नाही. कन्व्हर्टरच्या पुढे आणि मागे एकेक ऑक्सिजन सेन्सर असतो. सर्वसाधारण गाडीत पुढच्या सेन्सरचे व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वर-खाली होत राहते आणि कन्व्हर्टर धडधाकट असेल तर मागच्याचे बरेचसे स्थिर राहते. मागचाही पुढच्यासारखाच वर-खाली होऊ लागला, की शुद्धीकरण नीट होत नाही एवढीच नोंद गाडीचा कॉम्प्युटर करतो. एक्झॉस्टच्या जोडावरचे गॅस्केट गळून बाहेरची हवा आत येत असली तरी सेन्सरची फसगत होते, म्हणून सर्वात आधी तो गळका जोड शोधायचा असतो. आमच्या गाडीत तसे काही नव्हते. कन्व्हर्टर खरोखरच गेला होता. पण तो कशाने गेला, हा प्रश्न पहिल्या गॅरेजने विचारलाच नव्हता.

खोलल्यावर आतली चिनी मातीची जाळी, जी मधाच्या पोळ्यासारखी सरळ छिद्रांची असायला हवी, ती पुढच्या तोंडाशी वितळून काचेसारखी गुळगुळीत झालेली दिसली. न जळलेले इंधन कन्व्हर्टरमध्ये येऊन तिथे जळले, की असे होते. इंजिन ऑइल पीत असते तर त्यातल्या फॉस्फरसचा थर जाळीवर बसला असता, आणि हेड गॅस्केटमधून कूलंट आत येत असते तर वेगळाच पांढुरका लेप दिसला असता. मेलेला कन्व्हर्टर आपल्या मरणाचे कारण असे अंगावर वागवत असतो. म्हणूनच तो न बघता भंगारात देणे मला चुकीचे वाटते.

मग इगतपुरीहून कसाऱ्याला उतरून आम्ही स्कॅनर लावलेल्या गाडीने घाट परत चढलो. सीएनजीवर चढाला लागताच तिसऱ्या सिलिंडरचे मिसिंग, म्हणजे त्यातले इंधन न पेटताच बाहेर पडणे, आकड्यांत दिसू लागले. पेट्रोलवर टाकताच ते कमी झाले, पण पूर्ण थांबले नाही. सीएनजी पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे ते व्होल्टेज पुरवणारी कॉइल कमजोर असेल किंवा प्लग झिजलेला असेल, तर ते आधी गॅसवर उघडे पडतात. तिसरा प्लग काढला, तर त्याच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर पेन्सिलीने ओढावी तशी काळी बारीक रेघ होती. ठिणगी तिथून बाहेरच्या बाहेर निसटत होती. विशेष म्हणजे पहिल्या दुरुस्तीच्या दिवशी मुलीने स्कॅनरच्या पडद्याचा फोटो काढून ठेवला होता आणि त्यात कोडच्या दोन ओळी होत्या. दुसरी ओळ होती पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचे मिसफायर. कोड मिटवताना ती ओळही मिटली आणि बिलावर तिचा उल्लेखच आला नाही. कॉइल आणि चार प्लग यांची किंमत कन्व्हर्टरपुढे किरकोळ आहे.

या सगळ्या काळात गाडीचे पीयूसी प्रमाणपत्र वैध होते. ती चाचणी गाडी उभी असताना होते आणि आमचे मिसिंग चढावर, भार पडल्यावर होत होते. त्यामुळे पीयूसी मिळाले म्हणजे कन्व्हर्टर सुरक्षित आहे, असे कोणीही समजू नये. चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल, तर त्या क्षणी कन्व्हर्टर भाजला जात आहे असे समजून वेग कमी करावा आणि शक्य तितक्या लवकर गाडी थांबवावी. बॅटरी उतरलेली गाडी धक्का मारून सुरू करणे किंवा कोणता सिलिंडर मारत नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनवर प्लगची वायर उपटून बघणे, या कार्ब्युरेटरच्या काळातल्या सवयी आहेत. त्या मीही पूर्वी शिकवल्या आहेत. आजच्या गाडीत त्याने कच्चे पेट्रोल थेट जाळीवर जाते. आतली जाळी फोडून नळी मोकळी करून देण्याचा सल्लाही काही ठिकाणी मिळतो. तो कृपया कोणी मानू नये, कारण ती जाळी नसेल तर कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे आपल्याच वस्तीत, आपल्याच मुलांच्या नाकातोंडात जातात.

आमच्या गाडीला आधी कॉइल आणि प्लग बदलले, पुन्हा घाट चढून मिसिंगचा आकडा शून्य असल्याची खात्री केली आणि मगच नवा कन्व्हर्टर बसवला. गॅरेजचालकांच्या संघटनांना आणि परिवहन विभागाला माझी विनंती आहे, की कन्व्हर्टर बदलताना मिटवण्याआधीचे सर्व कोड, ते आले तेव्हाची नोंद आणि मिसफायरचे आकडे बिलावर लिहून देण्याची पद्धत सुरू व्हावी. जुना कन्व्हर्टरही मालकाच्या हाती परत द्यावा. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असल्याने भंगारातही त्याला मोल असते आणि ते मोल मालकाचे आहे.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, नाशिक