विषय: रिस्टार्ट किट नको, आधी उत्तर द्या

प्रति,
कस्टमर केअर, आणि त्यांच्या वर जे कोणी बसत असतील ते,

नमस्कार.

हा माझा चौथा मेल. आधीच्या तिन्हींना एकच छापील उत्तर आलं, "आपल्या भावना आम्ही समजू शकतो" आणि खाली मेलेला टँक नव्याने सुरू करायचं "रिस्टार्ट किट" आणि २० टक्क्यांचं कूपन. म्हणून ह्यावेळी सगळं सविस्तर लिहितोय, आणि मराठीत लिहितोय कारण भांडायला मला मराठीच बरी पडते, आणि मराठीत सपोर्ट मिळेल असं तुमच्याच खोक्यावर छापलंय.

मी पर्वरीला राहतो. हॉलमध्ये २५० लिटरचा रीफ टँक होता, म्हणजे खाऱ्या पाण्यातले मासे आणि प्रवाळ, सहा वर्षं चालू. गेल्या दिवाळीत तुमचा वायफायवाला टेंपरेचर कंट्रोलर घेतला. एका सॉकेटला ३०० वॉटचा हीटर, दुसऱ्याला पंखे. गोव्यात हीटर कसला लावतोस असं येणारा-जाणारा प्रत्येकजण विचारतो, तर पावसाळ्यात रात्रभर हॉलचा एसी चालला की पाणी २४ ला यायचं आणि दुपारपर्यंत परत २७, अशी रोजची वरखाली झाली की मासे खचतात आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग धरतो, म्हणून हीटर. सेटिंग २६.

चवथीला आम्ही गावच्या घरी जातो, सत्तरी तालुक्यात. दीड दिवसाचा गणपती. तयेला, म्हणजे चवथीच्या आदल्या दिवशी, सकाळी निघालो, माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधायची होती, षष्ठीला दुपारी परत आलो. तीन रात्री. शेजारच्या काकींकडे चावी दिलेली, पण त्यांना म्हटलं रोज यायची गरज नाही, मासे ऑटो फीडरवर आहेत आणि तापमान मला मोबाइलवर दिसतंय. हे वाक्य मी त्यांना तोंडाने बोललो होतो, अजून कानात आहे.

तिथे मी तीनदा ॲप उघडलं. पहिल्यांदा माटोळीला फळं बांधताना, मग रात्री आरतीला घुमट वाजवायला बसायच्या आधी, मग विसर्जनाहून आल्यावर. तिन्ही वेळा २६.१, हिरवा टिक, "सर्व काही ठीक". घरी आलो तर दरवाजा उघडायच्या आधीच जिन्यात वास. आत कंट्रोलरच्या स्क्रीनवर ३४.२ आणि बझर बोंबलतोय, तो कधीपासून बोंबलत होता देव जाणे, बंद घरात ऐकणार कोण. पाणी ताकासारखं पांढरं. पंखे भरधाव चालू, त्यांनी पाण्याची वाफ करून करून ते भरून काढणारा टॉप-अपचा २० लिटरचा कॅन रिकामा केलेला, आणि टँकखालच्या टाकीतला (संप) रिटर्न पंप हवा खात घरघरत होता.

काय काय गेलं ते तुमच्या फॉर्ममध्ये "लाइव्हस्टॉक: १ लॉट" असं लिहिलं गेलंय, कारण त्या रकान्यात तेवढीच जागा होती. तर इथे लिहितो. क्लाउनफिशची जोडी, सहा वर्षांची, हॅचरीत जन्मलेली. एक वॉचमन गोबी मासा आणि त्याच्यासोबत राहणारी पिस्टल श्रिम्प, म्हणजे कोळंबी, ती बिळ उकरायची आणि गोबी दारात बसून राखण करायचा, कारण तिला धड दिसत नाही. क्लीनर श्रिम्प दोन. मऊ कोरलांपैकी लेदर, झोआ, मशरूम. स्टोनी कोरल, म्हणजे कठीण सांगाड्याचे, आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये येतात म्हणून मी ते कधी ठेवलेच नाहीत, एवढं नियमाने चालणारा माणूस आहे मी. गोबी बिळाच्या तोंडातच सापडला. जगलं कोण तर आयप्टेशिया, ते काचेवर उगवणारं फालतू अॅनिमोन, जे मारायला मी चार वर्षं सिरिंज घेऊन फिरतोय. ते मस्त फुलून बसलेलं.

आता यंत्राचं. स्क्रीनवर "हीट"चा दिवा बंद होता. म्हणजे कंट्रोलरच्या मते त्याने हीटर बंद केलाय. पण हीटरचा स्वतःचा लाल दिवा चालू! हीटर काढून त्याच सॉकेटला मल्टिमीटर लावला, २३० व्होल्ट. दिवा बंद, सॉकेट जिवंत. ह्याचा अर्थ आतल्या रिलेचे, म्हणजे हीटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचे, कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटले, इलेक्ट्रिशियनला दाखवलं तर तो दोन मिनिटांत हेच म्हणाला. व्हिडिओ तीन वेळा पाठवलाय. त्यावर तुमच्या टेक्निकल टीमचं उत्तर काय, तर "ओव्हरलोडमुळे झालं असावं". साहेब, तुमच्या यंत्राच्या मागे १० अँपिअर छापलंय. ३०० वॉट भागिले २३० व्होल्ट, १.३ अँपिअर होतात. दहावीतल्या मुलीकडून करून घेतलं गणित, तिला हसू आलं.

दुसरं उत्तर, हीटरच्या नॉबवर तापमान जास्त ठेवलं होतं. हो, ३४ वर ठेवलं होतं. इथे माझी चूक मी मान्य करतो, नॉब २८ ला ठेवला असता तर हीटर स्वतःच बंद पडला असता आणि आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण तुमच्या माहितीपत्रकाच्या पान ४ वर काय आहे वाचा जरा: "हीटरचा नॉब कमाल तापमानावर ठेवा, नियंत्रण आमचा कंट्रोलर करेल." फोटो जोडलाय. तुमचं ऐकलं हीच माझी चूक.

पण खरं सांगायचं तर रिलेचा मला तेवढा राग नाही. रिले चिकटतात, स्वस्तातले जरा लवकर चिकटतात, यंत्र आहे, बिघडणारच. राग आहे त्या २६.१ चा.

तयेच्या रात्री पर्वरीला लाइट गेली होती, दहा-पंधरा मिनिटं. आली तेव्हा राउटर चालू झाला पण तुमचा कंट्रोलर परत वायफायला जोडलाच गेला नाही. ॲपच्या हिस्टरीत शेवटची खरी नोंद तयेची, रात्री ११.४० ची आहे. त्यानंतर काहीच नाही. आणि तुमचं ॲप काय करत होतं, तर तोच शेवटचा आकडा हिरव्या टिकसकट दाखवत बसलं, दोन-अडीच दिवस. ऑफलाइन असा एक शब्द नाही की करडा रंग नाही. नुसतं "संपर्क तुटला" एवढं जरी आलं असतं तरी मी गावातून काकींना फोन केला असता, त्यांनी जाऊन प्लग ओढला असता, पाच मिनिटांचं काम, त्यांना आम्ही लाल प्लग ओढायला शिकवलंय सुद्धा. ३०० वॉटने २५० लिटर पाणी तासाला जेमतेम एक डिग्री चढतं, म्हणजे अख्खी रात्र हातात होती! नंतर विचार केला तर लक्षात आलं की जिवंत टँकचा आकडा असा एका जागी थिजून बसत नाही, २५.८ होतो, २६.३ होतो, मलाच कळायला हवं होतं. तिन्ही वेळा २६.१ बघून मला बरंच वाटलं, किती स्थिर आहे म्हणून. असो.

आता तुमचं रिस्टार्ट किट. मीठाची बादली, बॅक्टेरियाची बाटली, कूपन, आणि वर "फक्त ३ दिवसांत मासे सोडा". कोणाला सांगताय? टँकमधल्या खडकांच्या भोकाभोकांत किडे-गोगलगायी मेल्यात, ते सगळं अजून सडतंय. मी पहिल्या दिवशी अमोनिया टेस्ट केली तर पिवळ्याच्या जागी गर्द हिरवा रंग, म्हणजे अमोनिया भरमसाट. नवा कोरडा खडक घेऊन सुरुवात केली तरी सायकल व्हायला, म्हणजे अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया खडकावर बसायला, ४ ते ६ आठवडे, आणि जुना खडक वापरायचा तर आधी महिना-दोन महिने अंधारात, पाणी बदलत, पंप लावून ठेवायचा, नाहीतर फॉस्फेट सुटत राहतं आणि टँकमध्ये शेवाळाची शेती. सध्या माझे खडक मागच्या बाल्कनीत निळ्या ड्रममध्ये आहेत. वाळू टाकून दिली. काच धुवून हॉलमध्ये रिकामी. किटसोबत देताय ती फ्री क्लाउनफिश पेअर म्हणजे सुद्धा दोन मासे पिशवीत घालून पाठवले की झालं असं नसतं, त्यातला मोठा पुढे मादी होतो, जुळायला वेळ लागतो, नाहीतर एक दुसऱ्याला मारतो.

आणि तुमच्याकडचा एक पोरगा फोनवर काय म्हणाला माहितीये? "सर, तुम्ही तर गोव्यात राहता, समुद्रातून पाणी आणा ना, मासे पण मिळतील." अरे बाबा, मिरामारला मांडवी येऊन मिळते, भर पावसात तिथलं पाणी तोंडात घेतलं तरी कळतं की ते समुद्राचं कमी आणि नदीचं जास्त आहे. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेवाल्यांनी मांडवी-झुआरीची पावसाळी क्षारता केव्हाच मोजून ठेवलीय. टँकला लिटरमागे ३५ ग्रॅम लागतं. आणि मासे, ते मला मापशाच्या बाजारात पण मिळतात, त्याची कढी होते.

घरात ह्यावरून रोज चर्चा. बायको म्हणते गोड्या पाण्याचा कर, झाडं लाव, चार गप्पी सोड, विजेचं बिल तरी कमी येईल. आई म्हणते त्या काचेत डाळ-तांदूळ ठेवता येतील. मुलगी काहीच बोलत नाही, पण बाल्कनीतल्या ड्रममधलं पाणी तीच बदलते, मी न सांगता. मला स्वतःला अजून ठरवता येत नाहीये. कष्टाचं आणि पैशाचं मी बघून घेईन, सहा वर्षांपूर्वी केलंच होतं शून्यातून. अडतं कुठे तर पुढच्या चवथीला. टँक भरला तर गावी जाताना कशाच्या भरवशावर जायचं? दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कंट्रोलर एकामागे एक लावता येतात, हीटर ३०० चा एक न घेता १०० चे दोन घेता येतात म्हणजे एक अडकला तरी पाणी उकडणार नाही, हे सगळं मी आता शिकलोय. पण आकडाच खोटा दाखवत असेल तर दहा यंत्रं लावून काय उपयोग. टँक सुरू करायचा की नाही हे तुमच्या उत्तरावर थोडंफार तरी अवलंबून आहे, म्हणून हा चौथा मेल.

तर मागण्या. एक, ॲपमध्ये संपर्क तुटल्यावर शेवटचा आकडा हिरवा दिसतो हे तुम्हाला आधी माहीत होतं का, आणि ते कधी दुरुस्त करताय, ह्याचं लेखी उत्तर. दुसरं, हे मॉडेल ज्यांनी ज्यांनी घेतलंय त्या सगळ्यांना कळवा, नॉब कमालवर ठेवू नका म्हणून, आणि पान ४ बदला. हे उद्याच करता येईल, ह्याला पैसे लागत नाहीत. तिसरं, कंट्रोलरची पूर्ण किंमत आणि माशा-कोरलांची भरपाई, बिलं जोडलीत, ज्यांची बिलं नाहीत ती मी मागतच नाही. "लाइव्हस्टॉक वॉरंटीत येत नाही" हे पुन्हा लिहू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादनाच्या दोषाने दुसऱ्या मालमत्तेचं जे नुकसान होतं त्याची जबाबदारी वेगळी दिलेली आहे, तुमच्या वॉरंटी कार्डाच्या बाहेरची.

कंट्रोलर कुरियरने मागवताय तो मी आत्ता पाठवणार नाही. एकदा तुमच्याकडे गेला की तो "तपासणीत व्यवस्थित आढळला" होणार हे मला माहीत आहे. तुमचा माणूस इथे पाठवा, माझ्यासमोर उघडा, चहा मी देतो. १५ दिवस वाट बघतो, त्यानंतर १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. कूपन रद्द केलंत तरी चालेल.

आपला,
पर्वरीचा एक ग्राहक
(ऑर्डर नंबर मेलच्या वर आहे)

ता.क. कंट्रोलर तीन आठवडे प्लगमधून काढून टेप लावलेल्या खोक्यात कपाटावर ठेवलाय. ॲप मी मुद्दाम काढलेलं नाही. आज सकाळचा स्क्रीनशॉट जोडतोय, २६.१, सर्व काही ठीक.