पोटगीचा अर्ज आधी निकाली काढा

संपादक महोदय,
घटस्फोटाची केस वर्षानुवर्षं चालते, पण घरभाडं, मुलांची फी, औषधं काही निकालापर्यंत थांबत नाहीत. खूप जणींना वाटतं की पोटगी घटस्फोट झाल्यावरच मिळते, तसं नाहीये. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली केस चालू असतानाच अंतरिम पोटगी आणि कोर्टाचा खर्च मागता येतो, आणि बायकोच नाही तर स्वतःचं पुरेसं उत्पन्न नसलेला नवरापण मागू शकतो (हे ऐकून लोकांना अजून आश्चर्य वाटतं).

नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अर्ज निकाली काढावा असं कायदाच म्हणतो, पण तारखांवर तारखा पडतात आणि तोवर माहेरच्यांकडे हात पसरावा लागतो, याचा मनापासून राग येतो. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्येच सांगितलंय की दोघांनी उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची, म्हणून ज्यांना गरज आहे त्यांनी अर्ज उशिरा करू नका, आणि पगार स्लिप, बँक स्टेटमेंट, खर्चाच्या पावत्या आत्तापासूनच जपून ठेवा.

- एक वाचक