फाटकाबाहेरचा शनिवार

सांगली,
शनिवार, रात्री

प्रिय आई आणि बाबा,

प्रभू येशूच्या नावाने तुम्हा दोघांना सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी उपासनेनंतर जेवताना माझ्या शनिवारच्या कामाचा विषय निघाला आणि बाबा पुढे काही न बोलता ताटावरून उठले. तेव्हा मला जे नीट सांगता आले नाही, ते लिहून पाठवत आहे. सांगली आणि मिरज यांच्यामधले अंतर पत्र लिहिण्याएवढे नाही, हे मला कळते. परंतु तुमच्यासमोर बसले की मी पुन्हा आठवीतली मुलगी होते आणि मुद्द्याचे तेवढे राहून जाते.

बाबा, तुमचे म्हणणे असे होते की, चर्चच्या मंडळीतच इतकी कामे पडली असताना परक्या रुग्णालयात अनोळखी रुग्णांच्या नातेवाइकांपाशी जाऊन बसण्याची गरज काय. हा प्रश्न रास्त आहे. रविवारची शाळा आणि गायनमंडळ मी सोडलेले नाही आणि सोडणारही नाही. पण तरुण संघातली मुले ज्याला ‘कम्फर्ट झोन’ म्हणतात, ते माझ्या बाबतीत आपले मिशनचे कंपाऊंडच होते, हे मला फार उशिरा उमगले. डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले आणि त्याच्या सावलीत आपल्या घराच्या तीन पिढ्या जगल्या. त्यासाठी मी कृतज्ञ आहे. तरीही माझ्या मैत्रिणी, माझे लग्न, माझी नोकरी, माझी सुखदुःखे हे सारे त्याच फाटकाच्या आत घडले, आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी माझ्या विश्वासाविषयी केवळ विश्वासणाऱ्यांशीच बोलत आले. कॅनडात जन्मलेला एक डॉक्टर ज्या लोकांसाठी समुद्र ओलांडून आला, त्या लोकांपाशी जायला मला साधा रस्ता ओलांडवला नाही.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतला दहावा अध्याय मी या वर्षी पुन्हा पुन्हा वाचला. पेत्र परराष्ट्रीय कर्नेल्याच्या घरी जातो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु त्याआधी तो यापो येथे कातडी कमावणाऱ्या शिमोनाकडे उतरला होता, याकडे माझे कधी लक्षच गेले नव्हते. ज्या धंद्याला यहूदी समाज अशुद्ध मानत होता, त्या धंद्याच्या माणसाकडे पेत्र आधीच राहत होता, म्हणजे एक उंबरा त्याने ओलांडलेला होता. आणि तरीसुद्धा परराष्ट्रीयाच्या घरात पाऊल टाकण्यासाठी त्याला तोच दृष्टान्त तीन वेळा दाखवावा लागला. प्रेषितालासुद्धा एका झटक्यात जमले नाही, याने मला फार धीर आला.

आपल्या मातीतले उदाहरण द्यायचे तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे देता येईल. १९१७ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते वारले. त्या दोन वर्षांतून काय निष्पन्न झाले, असे विचारणारे असतील. मला मात्र खात्रीचा पगार आणि ओळखीची माणसे मागे ठेवून त्या वयात निघण्याचे मोल फार मोठे वाटते.

आई, तुझी भीती वेगळी आहे आणि ती खोटी नाही. ‘धर्म बदलायला आलात का?’ असे विचारून कोणी गलका केला तर काय करशील, असे तू विचारलेस. मी पुस्तिका नेत नाही, कोणाच्या उशाशी न विचारता प्रार्थना करत नाही. अर्ज भरून देते, गरम पाणी आणून देते, कोणत्या खिडकीवर जायचे ते दाखवते. कोणी विचारलेच, तर मी ख्रिस्ती आहे आणि प्रभूने आजाऱ्याच्या समाचाराला जायला सांगितले आहे म्हणून येते, एवढे खरे उत्तर देते. आजवर कोणी वाकडे बोललेले नाही. उद्या बोललेच, तर मी वाद न घालता घरी येईन.

आता आजची हकिकत सांगते, कारण हे पत्र खरे तर तिच्यामुळेच लिहीत आहे. अथणी तालुक्यातल्या एक आजीबाई जिन्याखाली बसल्या होत्या. साखरेच्या आजाराने त्यांच्या नवऱ्याचा पाय काढावा लागला आहे. मला कानडीतले एकच वाक्य येते, ‘ऊट आयता?’, म्हणजे ‘जेवण झाले का?’, आणि तेही बाबा संध्याकाळी घरात शिरताना विचारत म्हणून. मी तेवढेच विचारले. आजींनी माझा हात धरला आणि त्या दहा मिनिटे बोलत राहिल्या, मध्येच रडल्या, पुन्हा बोलल्या. मला एक शब्द कळला नाही. बऱ्याच वेळाने जमखंडीचा एक मुलगा आला आणि त्याने सांगितले की, कागदावर सही कोठे घ्यायची, एवढेच त्या सकाळपासून विचारत होत्या. तोवर ती खिडकी बंद झाली होती.

बाबा, औषधांच्या खिडकीमागे बसून तुम्ही चाळीस वर्षांत जी कानडी शिकलात, ती निवृत्तीनंतर कोणाशी बोललात? तुमचे गुडघे दुखतात, हे मला ठाऊक आहे, आणि परक्या ठिकाणी जायला तुम्हाला आवडत नाही, हेही ठाऊक आहे. अब्राहाम हारानातून निघाला तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता. तुम्ही त्याच्याहून तीनच वर्षांनी मोठे आहात. तुम्हाला चालावे लागणार नाही, उपदेश करावा लागणार नाही. जिन्यापाशी खुर्ची ठेवण्याची परवानगी मी आजच विचारून घेतली आहे.

पुढच्या शनिवारी साडेनऊला मी रिक्षा घेऊन दारात येईन. आई, दोन भाकऱ्या जास्त बांधशील का? आजींचा मुक्काम अजून आठवडाभर तरी आहे.

तुमची लेक